हरिणांचा झीजरोग आणि माणसाचे आरोग्य : ‘पुरावा नाही’ या शब्दांचा अर्थ

या स्मृतिपुस्तिकेसाठी लेख लिहावा असे शाळेने कळविले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून संतवाङ्मय, कादंबरी किंवा फार तर सीमाभागातील भाषाप्रश्न यांवर काही ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या शिक्षकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही पुस्तिका निघते, ते विज्ञान शिकवीत. म्हणून त्यांच्या प्रांतातील एक विषय माझ्या मगदुराप्रमाणे मांडण्याचे मी योजिले आहे. विषय आहे उत्तर अमेरिकेतील रानटी हरिणांना होणारा एक मेंदूचा रोग, आणि त्यापासून माणसाला काही भय आहे काय, हा प्रश्न. मी वैद्य नव्हे, प्राणिशास्त्रज्ञही नव्हे. मात्र या प्रश्नाचा निम्मा भाग रोगाचा असला तरी उरलेला निम्मा भाषेचा आहे असे मला वाटते, आणि तेवढ्यापुरता माझा अधिकार वाचकांनी मान्य करावा.

रोगाचे नाव

इंग्रजीत या रोगास ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ म्हणतात. शब्दशः पाहता ‘दीर्घकाळ झिजविणारा रोग’. मराठीत ‘क्षय’ हा शब्द तयार आहे, पण तो राजयक्ष्म्यासाठी रूढ झाला असल्यामुळे येथे वापरला तर घोटाळा होईल. म्हणून या लेखापुरते मी ‘झीजरोग’ असे म्हणणार आहे.

‘हरीण’ या शब्दाचाही खुलासा करावयास हवा. आपण चितळ, सांबर आणि भेकर यांना हरीण म्हणतो, तसेच काळवीट आणि चिंकारा यांनाही म्हणतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन निराळी कुळे आहेत. चितळ-सांबरांच्या नराची शिंगे भरीव व फाटे फुटलेली असतात आणि ठराविक काळाने गळून पुन्हा उगवतात. काळविटाची शिंगे पोकळ असून जन्मभर टिकतात. त्याचे नाते गाय-शेळीच्या कुळाशी जवळचे. निसर्गात झीजरोग आढळला आहे तो शिंगे गाळणाऱ्या पहिल्या कुळात. अमेरिकेतील खेचरासारख्या लांब कानांचे ‘म्यूल डिअर’, पांढऱ्या शेपटीचे हरीण, एल्क, मूस आणि उत्तर ध्रुवाकडील रेनडिअर हे त्याचे बळी होत.

रोग कसा ओळखला गेला

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स येथे वन्यजीवांच्या अभ्यासासाठी काही हरिणे बंदिस्त जागेत पाळली होती. १९६७ साली त्यांच्यापैकी काही जनावरे खंगू लागली. चारापाणी असूनही वजन घटे, कान लोंबत, तोंडातून लाळ गळे, तहान अतोनात वाढे, चाल अडखळे; आणि रानटी जनावराला माणसाचे जे उपजत भय असते तेही मावळे. अशी जनावरे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरत. बंदिवासामुळे आलेला अशक्तपणा, अपुरे पोषण, असे तर्क त्या वेळी करण्यात आले.

सुमारे दहा वर्षांनी एलिझाबेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्य संशोधिकेने मेलेल्या हरिणांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या मेंदूला स्पंजासारखी बारीक भोके पडलेली होती. मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ या जुन्या रोगात असेच दृश्य दिसते, हे त्यांना ठाऊक होते. १९७८ साली हा रोग त्याच गटातला असल्याचे निश्चित झाले आणि १९८० साली त्यांनी व स्टुअर्ट यंग यांनी तो शास्त्रीय जगापुढे मांडला. १९८१ साली कोलोरॅडोतील एका रानटी एल्कमध्ये तो सापडला. कुंपणाआतील रोग कुंपणाबाहेरही होता, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९६ साली कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात पाळीव एल्कमध्ये तो आढळला. कॅनडातून आणलेल्या एल्कबरोबर तो दक्षिण कोरियात पोहोचला आणि २००१ साली तेथे उघडकीस आला. २००२ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात सापडला. २०१६ साली नॉर्वेतील रानटी रेनडिअरमध्ये, २०१८ साली फिनलंडमध्ये आणि २०१९ साली स्वीडनमध्ये मूस प्राण्यांत तो दिसून आला. आज अमेरिकेतील ३०हून अधिक राज्यांत त्याची नोंद आहे.

जंतूविना संसर्ग

या रोगाचे कारण ‘प्रायन’ होय. ही कल्पना समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन कळणार नाही, म्हणून थोडे थांबू.

आपल्या शरीरात असंख्य प्रकारची प्रथिने आहेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. ही माळ विशिष्ट रीतीने घडी घालून बसते आणि त्या घडीवर तिचे कार्य अवलंबून असते. भाषेच्या विद्यार्थ्याला हे चटकन कळेल. अक्षरे तीच, क्रमही तोच, पण पदच्छेद निराळा केला की अर्थ पालटतो. श्लेषाचा सारा खेळ यावरच चालतो. मेंदूतील पेशींवर असलेल्या एका नेहमीच्या प्रथिनाची घडी कधी कधी अशीच पालटते. एवढ्यावर थांबते तर बिघडले नसते. पण चुकीची घडी पडलेले हे प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखेच वाकवते.

खडीसाखर कशी करतात ते आठवावे. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडतात. त्यावर एक स्फटिक बसला की त्याच्याच आकाराला धरून पुढचे स्फटिक जमू लागतात. पाकात जिवंत असे काही नसते, तरी आकाराने आकार वाढत जातो. मेंदूत काहीसे तसेच घडते. चुकीच्या घडीची प्रथिने साचत जातात, चेतापेशी मरतात आणि मेंदूला भोके पडतात.

ही कल्पना शास्त्रज्ञांनाही सहजी पटली नव्हती. संसर्ग म्हटला की जंतू किंवा विषाणू हवा आणि त्यात आनुवंशिक द्रव्य हवे, असा ठाम समज होता. १९६०च्या दशकात लंडनमध्ये टिक्वा आल्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्रेपीच्या कारकावर किरणांचा मारा करून पाहिला. आनुवंशिक द्रव्य ज्या माऱ्याने नष्ट व्हावयास हवे, त्याला तो दाद देईना. १९८२ साली स्टॅन्ली प्रुसिनर यांनी ‘प्रायन’ हा शब्द घडविला आणि हा कारक प्रथिनरूपच आहे असे प्रतिपादन केले. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली; १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रायन जिवंत नसल्यामुळे त्याला ‘मारणे’ हा शब्दप्रयोगच लागू पडत नाही. नेहमीच्या शिजविण्याने तो नष्ट होत नाही. फॉर्मालिन त्याला निष्प्रभ करीत नाही. शस्त्रक्रियेची हत्यारे त्यापासून मुक्त करण्यासाठी नेहमीपेक्षा कडक उष्णता किंवा तीव्र रसायने वापरावी लागतात. तो मातीतील कणांना चिकटून वर्षानुवर्षे टिकतो. शरीराला तो परका वाटत नाही, म्हणून ताप येत नाही, प्रतिकार होत नाही. रोग दिसू लागण्यापूर्वीचा काळही फार दीर्घ असतो: हरिणांत सुमारे दीड ते दोन वर्षे, माणसांत कधी कधी कित्येक दशके.

माणसाच्या इतिहासातील दोन धडे

हरिणांचा प्रायन माणसाला बाधेल काय, हे विचारण्यापूर्वी अशा रोगांनी माणसाला पूर्वी काय शिकविले, ते पाहू.

पहिला धडा पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशातील फोरे लोकांचा. त्यांच्यात ‘कुरू’ नावाचा रोग होता. तोल जाई, अंग थरथरे आणि सुमारे वर्षभरात मृत्यू येई. १९५७ साली विन्सेंट झिगास आणि कार्लटन गाजडुसेक यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आप्तांच्या मृत्यूनंतर त्यांचे शरीर श्रद्धेने भक्षण करण्याची प्रथा त्या समाजात होती, आणि तीत मेंदूचा भाग मुख्यत्वे स्त्रिया व मुले यांच्या वाट्याला येई. रोगही त्यांच्यातच अधिक होता. १९५९ साली विल्यम हॅडलो या पशुवैद्याने कुरू आणि मेंढ्यांची स्क्रेपी यांतील साम्य दाखवून दिले. १९६६ साली हा रोग चिंपांझींना प्रयोगाने देता येतो, हे सिद्ध झाले. प्रथा १९५०च्या दशकाच्या अखेरीस थांबली, तरी काही व्यक्तींना त्यानंतर ५० किंवा त्याहून अधिक वर्षांनी कुरू झाला. दहा-वीस वर्षे काही घडले नाही, म्हणून निर्धास्त व्हावे असा हा रोगांचा गट नव्हे, हा पहिला धडा.

दुसरा धडा ब्रिटनचा, आणि तो आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. १९८६ साली तेथील गाईंमध्ये स्क्रेपीसारखा रोग आढळला. मेलेल्या जनावरांच्या मांसाची व हाडांची भुकटी गुरांच्या खुराकात मिसळली जाई, तिच्यातून तो पसरत होता. १९८८ साली असा खुराक घालण्यास बंदी झाली. पुढे १,८०,०००हून अधिक गुरांत हा रोग निश्चित झाला. माणसाला धोका आहे काय, हे ठरविण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. १९८९ च्या तिच्या अहवालात धोका दूरचा वाटतो, असे म्हटले होते. मात्र त्याच अहवालात, हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील, अशा आशयाचे दुसरे विधानही होते. लोकांपर्यंत पहिले वाक्य पोहोचले. दुसरे कागदावर राहिले. १९९० साली खुद्द कृषिमंत्र्यांनी छायाचित्रकारांसमक्ष आपल्या चार वर्षांच्या मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला.

२० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश संसदेत आरोग्यमंत्र्यांना सांगावे लागले की, तरुण माणसांत मेंदूच्या एका नव्या रोगाचे १० रुग्ण आढळले असून गाईंच्या रोगाशी त्याचा संबंध असण्याचीच शक्यता अधिक आहे. क्रॉइट्झफेल्ट–याकोब या नावाचा एक प्रायनरोग माणसांत पूर्वीपासून आहे; दर दहा लाखांत वर्षाला एखाद-दोन जणांना तो बहुधा उतारवयात होतो. हा नवा प्रकार मात्र विशी-तिशीतल्यांना होत होता. ब्रिटनमध्ये त्याने १७८ जणांचा बळी घेतला. एवढ्या मोठ्या लोकसंख्येने संसर्ग झालेल्या गुरांचे मांस खाल्ले असण्याचा संभव पाहता हा आकडा भीती वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. पण ज्या घरातील तरुण मूल गेले त्या घराला हे गणित सांगून काय होणार? पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाचा मथितार्थ असा की, सरकारने जाणूनबुजून खोटे सांगितले नाही. लोक घाबरतील या भीतीने त्याने धीर देण्यावर भर दिला, आणि सत्य बाहेर आले तेव्हा लोकांचा विश्वास उडाला.

हरिणांचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झीजरोग झालेल्या हरिणाचे मांस खाऊन माणसाला रोग झाल्याचे एकही उदाहरण आजवर सिद्ध झालेले नाही. हे वाक्य मी जाणीवपूर्वक आधी लिहिले आहे, कारण वृत्तपत्रे या हरिणांना ‘झोंबी हरिणे’ म्हणून भय विकतात.

या दिलाशाला आधार आहेत. कोलोरॅडो आणि वायोमिंग या राज्यांत हा रोग अनेक दशके आहे आणि तेथील लोक शिकारीचे मांस खात आले आहेत. तरी तेथे माणसांतील प्रायनरोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातील एका सार्वजनिक मेजवानीत वाढलेले हरीण रोगी होते, असे मागाहून कळले. मेजवानीला गेलेल्या लोकांवर पुढे काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांच्यात तसा रोग आढळला नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानवी पेशींपासून वाढविलेल्या मेंदूच्या सूक्ष्म प्रतिकृतींना हरिणाच्या प्रायनचा संसर्ग झाला नाही. एका जातीच्या प्रायनला दुसऱ्या जातीच्या प्रथिनाची घडी सहसा जुळत नाही. या अडसराला ‘जातिबंधन’ म्हणावे. हरीण आणि माणूस यांच्यामधील हे बंधन बळकट दिसते.

परंतु दुसरी बाजूही आहे. दक्षिण अमेरिकेतील खारमाकडांना हा रोग प्रयोगात झाला, तोंडावाटे देऊनही झाला. माणसाला अधिक जवळच्या मॅकाक माकडांवर अमेरिकेत झालेल्या दीर्घ प्रयोगात तो झाला नाही; दुसऱ्या एका गटाने मात्र आपल्या मॅकाकांत संसर्गाच्या खुणा दिसल्याचे २०१७ साली सांगितले. मानवी प्रथिन असलेल्या उंदरांवरील बहुतेक प्रयोग नकारात्मक गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मात्र अशा उंदरांना संसर्ग झाला. त्यातच प्रायनचे निरनिराळे वाण असतात आणि एका प्राण्यातून दुसऱ्यात जाताना ते बदलू शकतात. आजच्या वाणाला माणसाने दाद दिली नाही, यावरून उद्याच्या वाणाबद्दल ग्वाही देता येत नाही.

येथेच भाषेचा प्रश्न येतो. ‘धोक्याचा पुरावा नाही’ आणि ‘धोका नाही हे सिद्ध झाले आहे’ ही दोन वाक्ये ऐकताना सारखी वाटतात. पहिल्या वाक्यातील ‘नाही’ पुराव्याला लागते, दुसऱ्यातील धोक्याला. पहिले वाक्य आपल्या ज्ञानाविषयी बोलते, दुसरे जगाविषयी. व्याकरणाच्या तासाला विद्यार्थी कंटाळतात, पण नकार कोणत्या पदाशी अन्वित होतो हे न कळल्याने एक राष्ट्र कसे फसते, ते ब्रिटनने दाखविले आहे. आणि हीच चूक उलट दिशेनेही होते. ‘धोका नाकारता येत नाही’ या वाक्याचा ‘धोका आहे’ असा अर्थ करणारा वार्ताहर तितकाच अपराधी होय. २०२४ साली हरिणाचे मांस खाणाऱ्या दोन शिकाऱ्यांना मेंदूचा प्रायनरोग झाल्याची एक वैद्यकीय टिपणी प्रसिद्ध झाली. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असे टिपणीकारांनीच नमूद केले होते. मथळ्यांत तेवढाच भाग गळला.

सावधगिरीचे रूप

निश्चिती नसताना कसे वागावे, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ पासून दिलेले आहे: कोणत्याही प्रायनरोगाचा कारक माणसाच्या अन्नात येऊ देऊ नये. त्यानुसार शिकाऱ्यांना सांगितले जाते की, आजारी दिसणारे जनावर मारून खाऊ नये. मांस कापताना हातमोजे वापरावेत. मेंदू व पाठीचा कणा यांना हात लावणे टाळावे. रोग असलेल्या भागातील जनावराची तपासणी करून घ्यावी आणि रोग निघाल्यास ते मांस खाऊ नये. उत्तर अमेरिकेत पुष्कळ कुटुंबांच्या, विशेषतः आदिवासी समाजांच्या, वर्षभराच्या अन्नाचा मोठा भाग शिकारीतून येतो. त्यांना ‘खाऊ नका’ एवढेच सांगणे म्हणजे त्यांच्या ताटातील घास काढून घेणे होय. म्हणून जेथे तपासणीची सोय सुलभ आहे, तेथेच या उपदेशाला अर्थ आहे.

रोग हटविणे त्याहून कठीण. गाईंचा रोग खुराक बंद करताच ओसरू लागला, कारण तो एका गाईकडून दुसऱ्या गाईला सहसा जात नव्हता. झीजरोग लाळ, मूत्र व विष्ठा यांतून पसरतो आणि मातीत राहतो. रानाला दरवाजा नसतो. नॉर्वेने नूरफ्येला भागातील २,०००हून अधिक रेनडिअरचा सबंध कळप २०१८ पर्यंत मारून टाकला आणि तो प्रदेश काही वर्षे ओस ठेवण्याचे ठरविले. तेथे जेमतेम १९ जनावरांत रोग निश्चित झाला होता. इतक्या थोड्यांसाठी इतक्यांचा संहार योग्य काय, असे कोणी विचारले तर ते स्वाभाविक आहे. पण रोग मातीत मुरल्यानंतर काय होते, हे अमेरिकेकडे पाहून त्यांना कळले होते. २०२० साली शेजारच्या हारडांगर पठारावरही रोग सापडला, यावरून या लढाईची बिकटता ध्यानात येईल.

आपल्यापुरते

भारतात झीजरोगाची नोंद नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरिणांची शिकार निषिद्ध आहे. तेव्हा आपल्या ताटापर्यंत हा प्रश्न येण्याचे कारण नाही. तरीही तो आपला नाही, असे म्हणवत नाही. काश्मीरचा हंगुल हा एल्कचा जवळचा आप्त असून मोजक्याच संख्येने उरला आहे. आपल्या सह्याद्रीच्या रानांत सांबर, चितळ आणि भेकर आहेत आणि त्यांच्यावर वाघ-बिबट्यांचे जीवन अवलंबून आहे. कोरियात हा रोग बाहेरून आणलेल्या जनावरांबरोबर गेला. म्हणून परदेशी हरीणवर्गीय प्राणी आणताना कठोर राहणे, आणि रानात खंगून मेलेल्या जनावराची तपासणी करण्याची सवय लावणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. माणसांतील प्रायनरोगांची नोंद ठेवण्याचे काम बंगळूरच्या निमहॅन्स संस्थेत चालत आले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. अशा कंटाळवाण्या, अखंड नोंदींमुळेच ‘पुरावा नाही’ या शब्दांना वजन येते. ज्याने शोधलेच नाही, त्याच्या तोंडी ते शब्द पोकळ आहेत.

विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. उद्या कोणत्याही रोगाविषयी, औषधाविषयी किंवा पाण्याविषयी ‘पुरावा नाही’ असे वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा: पुरावा कोणी शोधला, आणि किती काळ शोधला? आणि अहवालात पहिल्या वाक्यानंतर दुसरे वाक्य असेल तर तेही वाचा. ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस हा लेख वाहिला आहे, त्यांनी वर्गात हीच सवय लावली, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्यांना विनम्र अभिवादन करून मी लेखणी ठेवतो.